पेशी मानवी, पण कोणाच्या?

नवं औषध माणसाला देण्याआधी ते प्राण्यांवर तपासलंच पाहिजे, ही जुनी अट आता सैल होते आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२मध्ये कायदा बदलला. भारताने मार्च २०२३मध्ये नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले इवलेसे अवयव), चिपवरचे अवयव (छोट्या पट्टीवर पेशी वाढवून केलेली अवयवाची नक्कल), मानवी पेशींवरच्या चाचण्या यांना औषध-तपासणीत अधिकृत जागा दिली. मला हा बदल मनापासून हवा होता. मुक्या जनावरांच्या यातना कमी होतील म्हणून तर हवाच होता. शिवाय उंदरावरून माणसाच्या फुप्फुसाबद्दल बांधलेले अंदाज पुन्हापुन्हा चुकले आहेत. ब्लिओमायसिन हे औषध देऊन उंदराच्या फुप्फुसात फायब्रोसिस, म्हणजे डाग पडून येणारा कडकपणा, घडवतात, तर ते काही आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरू लागतं. माणसाचं फायब्रोसिस असं मागे फिरत नाही. अशा उंदरांवर गुण दाखवणारी कितीतरी रसायनं रुग्णांपर्यंत पोचून निष्फळ ठरली.

मात्र उंदराच्या जागी जी 'मानवी पेशी' येणार आहे तिच्याबद्दल आपण पुरेसे प्रश्न विचारत नाही. ती कोणाच्या शरीरातली? कोणत्या आजाराच्या माणसाची? त्याला विचारलं होतं का? आणि बाटलीवर जे नाव आहे तीच ती पेशी आहे, हे कोणी तपासलं? माझं म्हणणं असं की या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय अशा प्रयोगाला 'मानवी' म्हणण्याची घाई करू नये. आणि भारतापुरतं बोलायचं तर आपल्याच लोकांच्या, त्यांनी समजून-उमजून दिलेल्या फुप्फुस-पेशींची सार्वजनिक बँक आपण उभारलीच पाहिजे. पेरिसाइट नावाच्या पेशीच्या निमित्ताने मी हे मांडतो आहे, कारण या सगळ्या अडचणी तिच्यात एकवटल्या आहेत.

पेरिसाइटचं नाव दवाखान्यात फारसं ऐकू येत नाही. आपल्या फुप्फुसांत तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात आणि प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचं दाट जाळं. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा कित्येक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. केशवाहिनीची नळी बनते ती एंडोथेलियल पेशींची, आणि तिला बाहेरून लांब हातांनी कवळून बसलेली पेशी म्हणजे पेरिसाइट. दोघी ज्यावर टेकतात ते पातळ अस्तर, म्हणजे तळपटल, एकच. मध्येमध्ये त्या पटलाला छिद्रं असतात आणि तिथे दोघींचा थेट स्पर्श होतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ शार्ल रूजे यांनी १८७३मध्ये या पेशींचं वर्णन केलं. 'पेरिसाइट' हे नाव १९२३मध्ये कार्ल झिमरमान यांनी दिलं. मेंदूत त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते. फुप्फुसात दहा एंडोथेलियल पेशींमागे अंदाजे एक.

एवढीशी संख्या, पण ती नसली तर काय होतं हे १९९७मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. केशवाहिनी पीडीजीएफ-बी नावाचा रेणू सोडून पेरिसाइटला जवळ बोलावते. त्या रेणूचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांच्या गर्भात केशवाहिन्यांवर पेरिसाइट आल्या नाहीत. वाहिन्या जागोजागी फुगल्या, फुटल्या, आणि पिल्लं जन्माच्या सुमारास रक्तस्रावाने मेली. नवी रक्तवाहिनी तयार होणं, ती टिकणं, तिच्यातून पाणी न झिरपणं, या सगळ्यात पेरिसाइटचा हात असतो. कोविडच्या पहिल्या वर्षातच मृतांच्या फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांवरून त्या नाहीशा झाल्याची निरीक्षणं प्रसिद्ध झाली होती. फुप्फुसाच्या धमनीतला रक्तदाब वाढण्याच्या आजारातही त्यांचं वागणं बिघडलेलं दिसतं.

फायब्रोसिसमधली त्यांची भूमिका हा मात्र वादाचा विषय आहे, आणि हा वाद समजून घेण्यासारखा आहे. फुप्फुसावर जो डाग पडतो, म्हणजे मऊ जाळीच्या जागी जो कोलॅजनचा कठीण थर साठतो, तो मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तयार करतात. त्या येतात कुठून? २०११मध्ये एका अमेरिकन गटाने उंदरांत पेरिसाइटवर कायमची खूण केली आणि डागातल्या पेशींमध्ये ती खूण शोधली. फारशी सापडली नाही. २०१३मध्ये दुसऱ्या गटाने वेगळ्या जनुकाच्या आधारे खूण केली, तर डागातल्या पुष्कळ पेशी त्याच वंशाच्या निघाल्या. दोन्ही गट आपापल्या जागी चोख होते. अडचण अशी की फक्त पेरिसाइटवरच असते आणि दुसऱ्या कुठल्याही पेशीवर नसते, अशी एकही खूण आजवर सापडलेली नाही. पेशीवरच्या प्रथिनांपैकी एनजी-२ म्हणा, सीडी-१४६ म्हणा, पीडीजीएफचा संदेश झेलणारा बीटा रिसेप्टर म्हणा, प्रत्येक खूण शेजारच्या स्नायुपेशींवर किंवा फायब्रोब्लास्टवरही (ऊतींचे तंतू बनवणाऱ्या पेशींवरही) कमीअधिक दिसते. पेरिसाइट म्हणजे शरीरात दडलेल्या मूळपेशीच (स्टेम सेल), असा गाजलेला दावा २००८मध्ये झाला. तो बशीत वाढवलेल्या मानवी पेशींवर आधारलेला होता. २०१७मध्ये उंदरांच्या शरीरातच त्यांचा माग काढला तेव्हा त्या मूळपेशींसारख्या वागताना दिसल्या नाहीत. म्हणजे बशीतली पेरिसाइट आणि शरीरातली पेरिसाइट यांचं वागणं एक नसतं.

हा वाद रुग्णाच्या औषधापर्यंत पोचतो. फायब्रोसिससाठी २०१४पासून वापरात असलेलं निंटेडॅनिब ज्या रिसेप्टरांना अडवतं त्यांत पीडीजीएफचा रिसेप्टर आहे, म्हणजे पेरिसाइटला जागेवर ठेवणारी तीच तार. या औषधाने आजाराचा वेग मंदावतो, पडलेला डाग पुसला जात नाही. पुढची औषधं शोधायची तर मानवी पेरिसाइटवर काम करावंच लागणार. उंदराने इथे पुरेशी साथ दिलेली नाही.

मग प्रयोगशाळा काय करते? मानवी फुप्फुस-पेरिसाइट विकत घेते. परदेशी कंपन्यांच्या यादीत त्या असतात. काही लाख गोठवलेल्या पेशींची एक छोटी व्हायल थंड पेटीतून येते, लिक्विड नायट्रोजनमध्ये जाते, लागेल तेव्हा वितळवून फ्लास्कमध्ये लावली जाते. फ्लास्क भरला की पेशी सोडवून दोन-तीन फ्लास्कमध्ये वाटायच्या. याला पॅसेज म्हणतात. मानवी पेशी असं किती वेळा वाटून घेऊ देतात याला सीमा आहे, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१मध्येच दाखवलं. पण सीमा गाठण्याच्या कितीतरी आधीपासून पेशी बदलू लागलेली असते. निरोगी फुप्फुसाचा कडकपणा साधारण दोन किलोपास्कल, डाग पडलेल्या फुप्फुसाचा सोळा-सतरा. फ्लास्कचं प्लास्टिक यापेक्षा लाखो पट कडक. त्या पृष्ठभागावर टेकलेली पेरिसाइट ताणली जाते, पसरते, तिच्यात आकुंचनाचे धागे तयार होऊ लागतात, आणि काही दिवसांत ती डाग बनवणाऱ्या पेशीसारखी दिसू लागते. तिलाच आपण 'निरोगी' म्हणून तुलनेला ठेवतो! मऊ जेलवर, एंडोथेलियल पेशींच्या सोबतीने वाढवली तर ती बरीच मूळ वळणावर राहते. ते काम जास्त खर्चाचं आणि वेळखाऊ आहे, म्हणून कितीतरी ठिकाणी टाळलं जातं.

ओळख पटवण्याचं काम त्याहूनही दुर्लक्षित आहे. चुकीच्या नावाने फिरणाऱ्या पेशींच्या ओळींची (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींच्या वाणांची) जी आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे तिच्यात पाचशेहून अधिक नावं आहेत. त्यावर उपाय म्हणून पेशींची डीएनए ओळखचाचणी सक्तीची होत चालली आहे, आणि ते योग्यच आहे. पण पेरिसाइटच्या बाबतीत ही चाचणी अर्धीच कामाची. ती सांगते की पेशी अमुक माणसाच्या आहेत. त्याच माणसाच्या फुप्फुसातले फायब्रोब्लास्ट त्या व्हायलमध्ये शिरले असतील आणि भराभर वाढून त्यांनी पेरिसाइटना मागे टाकलं असेल, तरी डीएनए तोच असल्याने चाचणी 'बरोबर' असंच सांगणार. इथे एका खुणेवर भागत नाही. चार-पाच खुणा एकत्र तपासाव्या लागतात, काही खुणा नाहीत हेही दाखवावं लागतं, आणि शेवटी ही पेशी केशवाहिनीला कवळून तिची गळती कमी करते का, हे तिच्या कामावरून पाहावं लागतं. शोधनिबंधात पुष्कळदा फक्त कंपनीचं नाव आणि कॅटलॉग क्रमांक लिहून ही जबाबदारी संपते. माझ्या मते अशा निबंधाला समीक्षकांनी तिथेच थांबवलं पाहिजे.

आणि दाता? एका व्हायलमागे सहसा एक माणूस असतो. वय, लिंग, कधी धूम्रपान करत होता की नाही, एवढी माहिती मिळते. कधी तीही अपुरी. त्याच व्हायलच्या पेशींवर तीन वेळा प्रयोग करून 'तीन स्वतंत्र प्रयोग' असं लिहिण्याची पद्धत पडून गेली आहे. एकाच घराचं दार तीनदा वाजवून गावाची जनगणना होत नाही. अठरा वर्षांच्या अपघातग्रस्त तरुणाची पेरिसाइट आणि चुलीच्या धुरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईची पेरिसाइट एकसारखी वागेल, असं मानायला कसलाच आधार नाही.

इथे आपला, म्हणजे भारताचा प्रश्न सुरू होतो. फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांची, ज्यांना डॉक्टर आयएलडी म्हणतात, एक मोठी भारतीय नोंदणी २०१२ ते २०१५ या काळात १९ शहरांतल्या २७ केंद्रांवर झाली. १,०८४ रुग्ण. त्यांत सर्वाधिक, ४७ टक्क्यांच्या आसपास, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निघाले. श्वासातून आत गेलेल्या बुरशीला, पक्ष्यांच्या विष्ठेतल्या वा पिसांतल्या प्रथिनांना फुप्फुसाने दिलेली ही अतिरेकी प्रतिक्रिया असते. यांतल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरी एअर कूलर होता. पाश्चात्त्य देशांत ज्यावर सर्वाधिक पैसा आणि औषध-संशोधन खर्च होतं ते इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे कारण न सापडणारं फायब्रोसिस, इथे १४ टक्क्यांपेक्षा कमी भरलं. सगळ्या केंद्रांची आकडेवारी अशीच येते असं नाही. चंडीगडच्या नोंदणीत सार्कॉइडोसिस (फुप्फुसात दाहाच्या बारीक गाठी होण्याचा आजार) वरचढ होता. पण चित्र युरोप-अमेरिकेपेक्षा वेगळं आहे, हे दोन्हींतून दिसतं.

२०२५च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढं वादळ उठलं. कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय, ताडपत्री, आंदोलन, उच्च न्यायालय. श्रद्धा आणि आरोग्य यांची ओढाताण आठवडेच्या आठवडे चालली. कबुतराच्या विष्ठेने होणारा आजार त्या निमित्ताने घरोघरी माहीत झाला, ही त्यातली जमेची बाजू. मात्र त्या आजारात माणसाच्या केशवाहिनीभोवती नेमकं काय घडतं, काहींचा डाग का थांबतो आणि काहींचा का वाढतच जातो, हे इथल्याच रुग्णांच्या पेशींवर तपासण्याची सोय आपल्याकडे किती आहे, हे त्या गदारोळात कोणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. खाणीतल्या आणि दगड फोडणाऱ्या मजुरांचा सिलिकोसिस (दगडाच्या धुळीचा आजार), साखर कारखान्यातल्या जुन्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या, धुळीने होणारा आजार, स्वयंपाकघरातल्या धुराने खराब झालेली फुप्फुसं, हे सगळं आपल्या अंगणातलं दुखणं आहे. परदेशातून आलेल्या व्हायलमध्ये ते नसतं.

यावर प्रामाणिक आक्षेप असा घेतला जातो की पेशीला देश नसतो; पीडीजीएफचा रिसेप्टर पुण्यात आणि बोस्टनमध्ये तोच असतो. मूलभूत जीवशास्त्रापुरतं हे मला मान्य आहे. रूजे यांनी जे पाहिलं ते पाहायला भारतीय दाता लागत नाही. पण आजाराचा धोका आणि औषधाचा परिणाम हे त्या पायावर उभं राहिलेलं दुसरंच प्रकरण आहे. म्युक-५बी या जनुकाजवळचा एक बदल फायब्रोसिसचा सर्वांत मोठा ज्ञात आनुवंशिक धोका मानला जातो. २०११मध्ये तो सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो पुष्कळ आढळतो, पूर्व आशियात आणि आफ्रिकेत क्वचित. एका जनुकाबाबत एवढा फरक असेल तर बाकीच्यांबद्दल गृहीत धरून चालायचं कशाच्या जोरावर? २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला मानवी फुप्फुसाचा एकत्रित पेशी-नकाशा ४८६ माणसांच्या सुमारे चोवीस लाख पेशींवरून तयार झाला. अपूर्व काम आहे ते. त्याच्या गाभ्यातले बहुसंख्य दाते युरोपीय वंशाचे आहेत, हे नकाशा बनवणाऱ्यांनीच नोंदवून ठेवलं आहे. या नकाशात आपली जागा आपल्यालाच भरावी लागेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. निरोगी फुप्फुसाचा तुकडा मिळणार कुठून? कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत गाठीपासून दूरचा, वरवर निरोगी भाग बहुतेक वेळा मिळतो, पण त्या रुग्णाचं फुप्फुस संपूर्ण निरोगी नसतंच. मेंदूमृत दात्याचं जे फुप्फुस प्रत्यारोपणाला योग्य ठरत नाही, ते दुसरा स्रोत. मात्र आपला अवयवदान कायदा उपचारासाठीच्या प्रत्यारोपणाभोवती आखलेला आहे, संशोधनासाठी कुटुंबाला वेगळं, स्पष्टपणे विचारावं लागेल आणि त्या घडीला तसं विचारणं सोपं नसतं. या मर्यादा खऱ्या आहेत. त्या परदेशी व्हायललाही तशाच लागू आहेत, फरक इतकाच की तिथे त्या आपल्याला दिसत नाहीत. आपल्या बँकेत दात्याचा पूर्ण वैद्यकीय इतिहास जोडलेला असेल तर निदान मर्यादा कोणती, हे कळेल. आज मात्र या शस्त्रक्रियांतून काढलेल्या फुप्फुसाचा जो भाग निदानाला लागत नाही, तो बहुतांशी पिवळ्या पिशवीतून जाळायला जातो.

तरीही मला सर्वांत जास्त काळजी संमतीची वाटते. पेशी-संशोधनाचा इतिहास या बाबतीत डागाळलेला आहे. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी १९५१मध्ये बाल्टिमोरला तिला न सांगता घेतल्या गेल्या. त्यांवर जगभर उद्योग उभे राहिले आणि तिच्या वारसांशी एका बड्या कंपनीची तडजोड व्हायला २०२३ साल उजाडलं. १९६२मध्ये हेफ्लिक यांनी तयार केलेली डब्ल्यूआय-३८ ही ओळ तर फुप्फुसाचीच. स्वीडनमधल्या एका गर्भपातातून आलेली, त्या आईला न विचारता. रुबेलाची लस त्या पेशींवर घडली. पुण्यात तयार होऊन लाखो बाळांना मिळणारी गोवर-रुबेला लसही अशाच प्रकारच्या मानवी पेशींवर वाढवली जाते. त्या लसीने वाचवलेले जीव अनमोल आहेत, आणि त्या बाईला कोणी विचारलं नाही हेही तितकंच खरं आहे. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नीतितत्त्वांमध्ये जैविक नमुने आणि बायोबँक यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. संमतीचे प्रकार, लाभातला वाटा, सगळं त्यात आलेलं आहे. कागद चांगला आहे. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी काय घडतं तेही आपण जाणतो. भुलीचा कागद, रक्ताचा कागद, शस्त्रक्रियेचा कागद, आणि त्यांच्यासोबत आणखी एक; घाबरलेला नातेवाईक दाखवाल तिथे अंगठा उमटवतो किंवा सही करतो. याला मी संमती म्हणणार नाही. पेशी मागणारा माणूस उपचार करणाऱ्या डॉक्टरपेक्षा वेगळा असावा. मराठीत, जिथे गरज असेल तिथे हिंदीत, गोंडीत, भिलीत, तोंडी समजावून सांगितलं जावं: तुमच्या काढलेल्या भागातल्या पेशी वाढवल्या जातील, काही वर्षं टिकतील, दुसऱ्या शहरात किंवा देशात जातील, त्यांतून कंपनी पैसे कमावू शकेल, तुमचं नाव कळणार नाही पण तुमच्या जनुकांची माहिती वाचली जाईल, नाही म्हणालात तर उपचारात तसूभर फरक पडणार नाही, आणि नंतर मन बदललं तर उरलेल्या पेशी नष्ट करू. शेवटची दोन वाक्यं तर दोनदा सांगावीत. असं सांगितल्यावर लोक नकार देतील, अशी भीती काही संशोधक बोलून दाखवतात. मला लोकांवर जास्त भरवसा आहे. ज्या महाराष्ट्रात देहदानाची चळवळ सामान्य माणसांनी गावोगाव नेली, तिथे नीट विचारलं तर हो म्हणणारे पुष्कळ भेटतील. आणि कोणी नाही म्हणालं, तर तो त्याचा हक्क.

पायाभूत सोय नव्याने शोधायची गरज नाही. पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे; त्याच्या भांडारातून देशभरातल्या प्रयोगशाळांना अनेक दशकं पेशींच्या ओळी मिळत आल्या आहेत. मुंबईत टाटा रुग्णालयाला ऊती जतन करण्याचा अनुभव आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रात प्राण्यांना पर्याय शोधण्याचं काम चालू आहे. कमी आहे ती यांना शस्त्रक्रियागृहाशी जोडणाऱ्या माणसांची. फुप्फुसाचा तुकडा काही तासांत बर्फातून प्रयोगशाळेत पोचला नाही तर त्यातल्या पेरिसाइट हाती लागत नाहीत. त्यासाठी रोज सकाळी शस्त्रक्रियागृहाबाहेर हजर असणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा, रुग्णाशी बोलणारा समुपदेशक हवा, नोंदी ठेवणारा माणूस हवा, आणि तिघांनाही सहा महिन्यांच्या कंत्राटाऐवजी कायमचा पगार हवा. संशोधनाच्या अनुदानांत यंत्रांना पैसे मिळतात. या तीन पगारांची ओळ मात्र अर्जात कापली जाते. जैवतंत्रज्ञान विभागाने आणि आयुर्विज्ञान परिषदेने सुरुवात तिथून करावी: दोन-तीन रुग्णालयं, पाच वर्षांची हमी, आणि बँकेतली प्रत्येक व्हायल दात्याच्या इतिहासासह, ओळखीच्या सगळ्या चाचण्यांसह, सरकारी प्रयोगशाळांना नाममात्र दरात.